भिंतीवरचे उसने डोळे

कापूस फुटला, तुरीला पिवळा फुलोरा आला आणि आज सकाळी फोनवर निरोप आला की, तुमची वार्षिक वर्गणी संपत आली आहे, चालू ठेवायची का? फोटो दुरुस्त करायच्या एका विकतच्या सॉफ्टवेअरची ही वर्गणी. गेल्या कार्तिकात भरली होती. हवा फिरली हे सांगायला पूर्वी आईचे गुडघे होते, आता एक परदेशी कंपनी कळवते. निरोप वाचला आणि उत्तर न देता अंगणात जाऊन उभा राहिलो. थंडी अजून पडलेली नाही, तरी अंगावर काटा आला.

आमच्या सिरसाळ्याकडे हा महिना घरं रिकामी होण्याचा. ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दिवसभर रस्त्याने जातात. वर पत्रे, बाजा, भांडी, पांघरुणं आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं. गल्लीत एकेका दाराला कुलूप दिसायला लागतं. त्याच रस्त्याने कपिलधारच्या यात्रेला निघालेल्या पायी दिंड्या येतात, भगवे झेंडे आणि थकलेले भजनी. आणि त्याच रस्त्याने परळीच्या वीजकेंद्रातून वीटभट्ट्यांना राख घेऊन येणाऱ्या गाड्या. ती राख उडते आणि सगळ्यावर बसते. तुळशीवर, कपाटावर, भिंतीवरच्या फोटोंच्या काचांवर. आज पुसली की उद्या पुन्हा आहेच.

आई रोज सकाळी ओल्या फडक्याने सगळ्या काचा पुसायची. देवांच्या, स्वामींच्या, आजोबांच्या. वडिलांच्या फोटोला मात्र ती हात लावत नसे. ते काम माझं, आणि माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोचं. त्या फोटोसमोरून जाताना आई डोक्यावरचा पदर पुढे ओढायची. घरात कुणी पाव्हणा नसला तरी. लहानपणापासून मी हे बघत आलो आणि त्याला नवऱ्याचा मान समजत आलो. बायकोला कौतुकाने सांगायचोसुद्धा, की बघ, याला म्हणतात संसार.

आमच्यात, म्हणजे लिंगायतांत, माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंघोळ घालून, कपाळाला आणि अंगाला विभूती लावून, भिंतीला टेकवून मांडी घालून बसवतात. डाव्या तळहातावर त्याचं इष्टलिंग ठेवतात. गळ्यात हार घालतात. आयुष्यभर माणूस रोज सकाळी पूजेला जसा बसतो, अगदी तसा. नेतातही बसवूनच आणि मातीतही बसवूनच ठेवतात. नवीन माणूस दारातून आत आला तर क्षणभर त्याला कळत नाही, की भोवतीची माणसं रडतायत कशाला. लहानपणी मला याची भीती वाटत नव्हती. आता वाटते.

माझे वडील गेले तेव्हा मी दुसरीत होतो. सकाळी दुकान उघडायला गेले आणि खुर्चीतच मान टाकली. त्यांचा एकही धड फोटो घरात नव्हता. लग्नातल्या एकुलत्या एका फोटोत मुंडावळ्या आणि खाली घातलेली मान. तेव्हा आमच्या भागात रीतच होती, की बसवलेल्या माणसाचा फोटो काढून घ्यायचा आणि स्टुडिओवाल्याला सांगायचं, "डोळे उघडून द्या." स्टुडिओवाला घरातल्या जवळच्या माणसाला बोलवायचा, भाऊ किंवा मुलगा, त्याचा तशाच बेताचा फोटो काढायचा, त्यातले डोळे पात्याने कापून मेलेल्याच्या चेहऱ्यावर बसवायचा, कडा ब्रशने रंगवायचा आणि त्या सगळ्याचा पुन्हा एक फोटो काढायचा. महिनाभरात मेलेला माणूस भिंतीवरून बघायला लागायचा. आमच्या गल्लीतल्या कितीतरी भिंतींवर असे उसने डोळे आहेत. कुणाचे कुणाला लावलेत, हे त्या त्या घरातल्या बायका बरोबर जाणतात.

वडिलांना त्यांच्या थोरल्या भावाचे डोळे लावले. मोठे आप्पा. भुसाराचं दुकान, पाच पन्नास माणसांत शब्दाला वजन आणि आवाज न चढवता समोरच्याला गप्प करायची हातोटी. त्यांनी कधी कुणावर हात टाकल्याचं मी पाहिलं नाही. त्यांना गरजच पडत नसे. ते नुसते बघायचे. आई माहेरी किती दिवस राहणार, ताई कितवीपर्यंत शिकणार, मी कुठल्या शाळेत मास्तर होणार, हे त्यांनी बघून ठरवलं. आणि दर सोमवारी संध्याकाळी ते आमच्याकडे यायचे, वडिलांच्या फोटोखालच्या खुर्चीवर बसायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. आई स्वयंपाकघरातून बाहेर येत नसे.

हे डोळे कुणाचे, हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत ठाऊक नव्हतं. सगळे म्हणायचे, सख्खे भाऊ, तोंडावळा सारखाच. मीही मान डोलवायचो. गणिताच्या मास्तराला समोरचं साधं समीकरण दिसू नये, याला काय म्हणावं!

गेल्या वर्षी दसऱ्यानंतर आईच्या पोटात पाणी झालं. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी दोनदा काढलं आणि तिसऱ्या वेळी मला बाजूला घेऊन म्हणाले, आता घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते खाऊ घाला. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या होत्या. आईचा पलंग मधल्या खोलीत आणला, कारण तिथं उजेड येतो. समोरच्या भिंतीवर वडील. पहिल्याच दुपारी मी बघितलं, आई झोपूनसुद्धा डोक्यावर पदर सारखा करत होती. हाताला बळ नव्हतं, पदर निसटायचा, ती पुन्हा ओढायची.

मी म्हणालो, "आई, राहू दे की. कोण आहे इथं?"

तिने भिंतीकडे बोट केलं. "त्ये हायेत न्हवं."

"बाबांपुढं कशाला पदर?"

"तुजे बाबा न्हाईत त्ये." ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, की मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलेला भ्रम सुरू झाला. "तोंड त्येंचं हाय. डोळे भासऱ्यांचे हायेत. फोटो टांगला त्या दिवशी भासरे मला म्हनले, आता घरावर माजं लक्ष हाय म्हनून समज. तवापासून बघायलेत. सैपाक करते तरी बघायलेत, न्हाऊन आले तरी बघायलेत. नवरा बघतोय म्हनून मनाला समजवायला गेले, पर न्हाई रे जमलं."

भासरे म्हणजे थोरले दीर, आमचे मोठे आप्पा. सगळं बालपण डोळ्यांपुढून एकदा सरकलं आणि त्यात जागोजागी आई पदर ओढताना दिसली. मला लाज वाटली आणि रागही आला, पण राग कुणावर करावा ते कळेना. स्टुडिओवाला कधीच मेला होता. आप्पा ऐंशीच्या पुढे गेले होते.

आई पुढे म्हणाली, "मी चार दिसाची सोबती. मला बसवताल ते बी ह्याच भिंतीला, ह्येंच्या म्होरं. तवा तरी ह्येंनी माज्याकडं बघू न्हाई. आन् माजे डोळे कुनाकडून उघडून घेऊ नका. एवडं कर नागू."

आता मला आणखी एक गोष्ट कळली. फोन समोर धरला की आई डोळे मिटून घ्यायची. नातवाच्या बारशाला, ताईच्या घरभरणीला, शेतात हुरड्याला. आम्ही हसायचो, ओरडायचो, "आई, डोळे उघड!" आणि ती घट्ट मिटायची. आमच्याकडे तिचे ढीगभर फोटो आहेत आणि एकातही ती बघत नाही. आधार कार्डावर उघडे आहेत म्हणावं, तर तिथं जो काळा डाग छापलाय, तो माझी आई आहे हे शेजारचं नाव वाचून कळतं.

फोटो उतरवून कपाटात ठेवावा, हा सोपा उपाय मी सुचवून बघितला. आईने मान हलवली. नवऱ्याला अडगळीत टाकायला ती तयार नव्हती. डोळे तेवढे काढायचे होते.

मी कामाला लागलो, म्हणजे आधी सल्ला घ्यायला गेलो. स्टँडजवळ सलीमभाईचं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे शुभेच्छुक आणि श्रद्धांजलीचे शोकाकुल, दोन्ही तिथंच छापले जातात, बऱ्याचदा तीच नावं. सलीमभाईला खरं कारण सांगितलं नाही. फोटो दुरुस्त करायला शिकायचंय, फुकटचं घेऊ की विकतचं, एवढंच विचारलं.

"फुकटातलं घ्या सर पैले," तो म्हणाला. "पवता येत न्हाई आन् तळं इकत घेता का? मोबाईलवर टाका, बटन दाबा, फोटो गोरा व्हतो, नीट व्हतो, काम खतम. पन एक हाय. फुकटवाल्याला फोटो दिला की त्यो फोटो त्याचा बी व्हतो. त्ये कुठं ठिवतो, काय करतो, खुदा जाने. इकतचं लई बारीक काम करतंय, पन शिकायला टाळकं लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिसरा बी रस्ता हाय. कुलूप तोडलेलं. पेनड्राइव्हवर देतो. आपुन सगळे त्येच वापरतो."

मोह झाला. पण वर्षभर पोरांना कॉपी करू नका म्हणून ओरडायचं आणि स्वतः असं करायचं, हे काही पटेना. आधी फुकटचं घ्यायचं ठरलं. फुकट ते पौष्टिक, ही म्हण आमच्या स्टाफरूममध्ये जन्मली असावी इतकी ती तिथं चालते.

ॲप उतरवून घेतलं. वडिलांच्या फोटोचा फोनवर फोटो काढला आणि दिला त्याच्या हवाली. "चेहरा सुधारा" असं बटण होतं. दाबलं. चाक फिरलं, मध्येच एका वधूवर मंडळाची जाहिरात बघावी लागली आणि मग वडील आले. गोरे, गुळगुळीत, गालावर लाली. कपाळावरची विभूतीची तीन बोटं डाग समजून पुसून टाकलेली. डोळे होते त्याहून मोठे केलेले, आत चमक भरलेली. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, असा तो प्रकार. मला डोळे नको होते आणि ॲप भरभरून देत होतं.

पुन्हा खटपट केली. डोळे खोडले की ते नवे भरायचं. त्याला मिटलेला डोळा ही चूक वाटत होती. खाली आणखी एक बटण होतं, "जिवंत करा". मी कशाला दाबलं असेल? दुपारची वेळ होती, आई समोर झोपली होती, बाहेर ट्रॅक्टर जात होते. चाक फिरलं आणि वडिलांनी पापणी हलवली. मान किंचित तिरकी केली, आणि आप्पांच्या नजरेने, अगदी त्याच थंड, ठाम नजरेने माझ्याकडे बघितलं. पुन्हा पापणी. पुन्हा मान. मी ॲप काढून टाकलं, फोन बंद केला, तरी कितीतरी वेळ मला पाठ भिंतीकडे करून बसवेना.

मग विकतचं घेतलं. बायकोने विचारलं, एका फोटोसाठी वर्षाची वर्गणी? मी म्हणालो, त्यांच्याकडे दिवसाची मिळत नाही.

फोटो भिंतीवरून उतरवला तेव्हा मागे पालीच्या अंड्यांची टरफलं निघाली आणि भिंतीवर स्वच्छ पांढरा चौकोन. सलीमभाईकडे नेऊन काच काढून स्कॅन करून आणला. परत येऊन बघतो तर आई गाढ झोपलेली. पदर खांद्यावर, केस मोकळे, तोंड थोडं उघडं. तिला असं झोपलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. बायको खुणेने म्हणाली, फोटो नेल्यापासून झोपल्यात.

पडद्यावर फोटो मोठा करत गेलो आणि सगळं उघडं पडलं. डोळ्यांभोवती पात्याची रेघ होती, बारीक, चष्म्याच्या काडीसारखी. चेहऱ्यावर उजेड उजवीकडून पडलेला, कारण वडिलांना अंगणात बसवलं होतं. डोळ्यांतला उजेड डावीकडून, स्टुडिओच्या खिडकीचा. इतकी वर्षं तो चेहरा एका दिशेच्या उजेडात बसून दुसऱ्या दिशेच्या उजेडात बघत होता. एकदा दिसल्यावर ते दिसेनासं होईना.

माझा बेत असा होता की वडिलांचे खरे डोळे कसे होते ते आईकडून विचारून घ्यायचे आणि तसे जमतील तेवढे रंगवायचे. संध्याकाळी तिला पेज भरवताना मी विचारलं. बारीक होते का? पापण्या दाट होत्या का? हसताना कसे दिसायचे?

आई विचार करत राहिली. तिने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"आठवत न्हाईत रे," ती म्हणाली. "आठवाया गेलं की हेच येतेत. रोज बघून बघून त्येंचे पुसूनच गेले. बारा वर्सं संसार केला त्येंच्यासंगं. काय म्हनतेल मला?"

मी पेजेची वाटी खाली ठेवली. मला रडू आलं आणि ते लपवावंसं वाटलं नाही. भासऱ्यांचा धाक, ती नजर, हे सगळं एकीकडे. पण तिच्या आतून नवऱ्याचे डोळे काढून तिथं दुसरे बसवले गेले होते आणि ते काढायला कुठलंही सॉफ्टवेअर पोहोचणार नव्हतं.

मग आईच म्हणाली, "मिटून टाक. मिटलेलेच व्हते की त्या दिशी. तसेच राहू दे."

सोमवारी आप्पा आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, डोळ्यांवर हिरवा चष्मा, हातात काठी, मागे त्यांचा धाकटा मुलगा महेश. खुर्चीपाशी येऊन थांबले. चष्म्यातूनही त्यांना रिकामा चौकोन दिसला.

"फोटो उतरवला कावून?"

"काच खराब झालती आप्पा. नीट करून लावतो."

"काच." ते एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मी शाळेत चारशे पोरं शांत करतो, पण तेव्हा माझी नजर खाली गेली. "नागू, जित्या मान्साचे डोळे मिटू न्हाई. ध्येनात ठिव."

त्यांना कुणी सांगितलं होतं? सलीमभाईला तर मीच काही बोललो नव्हतो. कदाचित कुणीच सांगितलं नसेल. त्यांनी आईकडे बघितलं. आईने पदर ओढला नाही. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मला वाटलं, आता या खोलीतून आधी कोण जाणार, याची या दोघांमध्ये शर्यत लागली आहे, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे.

मिटलेले डोळे आणायचे कुठून, हा प्रश्न होताच. कापलेल्या जागेखाली काही शिल्लक नव्हतं. शेवटी मी खिडकीपाशी असा बसलो की उजेड उजवीकडून येईल, विभूती लावली, भिंतीला टेकलो, डोळे मिटले आणि बायकोला म्हणालो, काढ. तिने काढला आणि फोन माझ्या हातात न देता पलंगावर ठेवून ती आत निघून गेली. मी बघितला आणि तिचं वागणं समजलं. आपले मिटलेले डोळे आरशात कधी दिसत नाहीत. मला बसवतील तेव्हा मी कसा दिसेन, ते त्या दुपारी मी स्वच्छ बघून घेतलं.

माझ्या पापण्या वडिलांना नेमक्या बसल्या. फारसं काही करावंही लागलं नाही. या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक थर असतात आणि कुठलाच थर जात नाही, नुसता झाकला जातो. आप्पांचे डोळे तसेच खाली राहिले, वर माझ्या पापण्या.

फोटो पुन्हा टांगला तेव्हा आईला उशीला टेकवून बसवलं. ती बघत राहिली. पदर घेतला नाही. मग मला म्हणाली, "जरा भाईर जा बरं." आम्ही सगळे बाहेर आलो. आतून बारीक आवाजात काहीतरी बोलल्याचं ऐकू येत होतं. अर्ध्या तासाने आत गेलो तर तिच्या चेहऱ्यावर हसू होतं.

"आठवले का गं?"

"सगळं लेकरालाच सांगायचं आसतंय का?" ती म्हणाली आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतरच्या सोमवारी आप्पा एकटेच आले. फोटोच्या अगदी जवळ गेले, चष्मा काढला, कितीतरी वेळ उभे राहिले. मी ओरडा खायच्या तयारीत होतो.

"बरं केलंस," ते म्हणाले. मग काठीवर भार देऊन खालच्या आवाजात विचारलं, "माजे काडलेस त्ये कुठं हायेत?"

"संगणकात आहेत आप्पा."

"पुसू नको," ते म्हणाले. "मी हाय तवर पुसू नको." हा माणूस मला घाबरतोय हे कळायला मला दारापर्यंत जावं लागलं, त्यांना पोहोचवायला. मी पुसले नाहीत. अजूनही आहेत.

आई कार्तिकी पौर्णिमा उलटून गेल्यावर सकाळी गेली. तिला त्याच भिंतीला बसवलं. नेसायला तिची आवडती हिरवी साडी, कपाळभर विभूती, तळहातावर लिंग, शेवंतीचा आणि झेंडूचा हार. सगळ्या बायका म्हणत होत्या, किती शांत चेहरा, पूजेलाच बसल्यात जणू. समोर वडील, तेही मिटलेले. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. महेशने फोन काढला आणि चार फोटो घेतले. मी अडवलं नाही. मिटलेल्या डोळ्यांचाच तर फोटो होता, आणि तिचीही त्याला ना नव्हती. पुढे त्यातलाच एक मोठा करून मी वडिलांच्या शेजारी लावला.

लोकांना ते आवडलं नाही. आलेला माणूस भिंतीकडे बघायचा आणि खुर्ची फिरवून बसायचा. ताई म्हणाली, घरात आलं की समाधीत आल्यासारखं वाटतं रे. महेश तर स्पष्टच म्हणाला, "दादा, बघवत न्हाई. काकू गेल्या म्हनून काय आसं आंधळं ठिवायचं का?" मी हसून विषय बदलला.

आज दुपारी, त्या वर्गणीच्या निरोपानंतर, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महेशचं कार्ड आलं. काकूंचे प्रथम पुण्यस्मरण. त्याने आमच्या भिंतीवरच्या दोन्ही फोटोंचे फोटो काढून कुठल्याशा फुकटच्या ॲपला दिले होते. चांगल्या मनाने. आई आणि वडील शेजारी शेजारी बसलेले, मागे कपिलधारचा धबधबा, वरून पाकळ्या पडतायत. दोघांचेही डोळे उघडे. मोठे, काळेभोर, ओले. दोघांचे अगदी एकसारखे. थोड्या वेळाने दोघांनी एकदम पापणी हलवली, मान किंचित तिरकी केली आणि सरळ माझ्याकडे बघून हसले.

ग्रुपवर हात जोडलेले पंजे येऊ लागले. हुबेहूब. जणू समोर बसलेत. महेशदादा, डोळ्यांत पाणी आणलंस. ताईनेसुद्धा लिहिलं, आई आज पहिल्यांदा फोटोत बघतेय. शेवटी आप्पांचा आवाज आला. त्यांना फोनवर लिहिता येत नाही, कुणीतरी बटण दाबून फोन त्यांच्या तोंडापुढे धरला असणार. दम लागलेला, तुटक आवाज. "महेश... ह्ये डोळे कुनाचे हायेत रे?"

त्याखाली आणखी पंजे आले.

मी फोन पालथा घातला आणि आईचे डोळे आठवायला बसलो. घाई करायला हवी, हे मला कळत होतं. तापात कपाळावर हात ठेवून वाकलेली आई आठवली. चुलीपुढची, माळव्याची पाटी घेऊन येणारी, पेजेला नको म्हणणारी. प्रत्येक वेळी ती वर बघायची आणि ते मोठे काळेभोर ओले डोळे माझ्याकडे बघायचे. पापणी हलायची. मान तिरकी व्हायची.

मी घाबरून बायकोला हाक मारली. ती हात पुसत बाहेर आली.

"आईचे डोळे कसे होते गं?"

"असं काय विचारताय?" ती म्हणाली. "महेशभावजींनी टाकलेत की आता. तसेच तर होते."

तसे नव्हते. एवढं मला पक्कं ठाऊक आहे. कसे होते, ते आज सकाळपर्यंत सांगता आलं असतं.